बर्फ एका जागी, भेग दुसऱ्याच जागी: गोठलेल्या पाइपांची गोष्ट

"अरे, नळ नीट बंद कर!" हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठं होत नाही. ठिबकता नळ म्हणजे निष्काळजीपणा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, "इथे सगळे सांगतायत रात्रभर नळ ठिबकत ठेवा, खरंच ठेवायचा का?", तेव्हा तिची शंका मला अगदी समजली. मी पाणी गोठतं कसं यावर पीएच.डी. करतो, म्हणून तिने मला विचारलं. मी "हो, ठेव" एवढंच उत्तर दिलं आणि झोपलो. कारण सांगितलं नाही. आज हा लेख लिहिण्यामागे ती चूक आहे.

तिने खालच्या मजल्यावरचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत ठेवला. वरच्या बाथरूमचे नळ सवयीने घट्ट बंद केले. मग वीज गेली, घर गार पडलं. चार दिवसांनी ऊन पडलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्याच दुपारी तिच्या डायनिंग टेबलावर वरचं सीलिंग कोसळलं. प्लंबरने भिंत उघडली. वरच्या बाथरूमच्या पाइपला बोटभर लांबीची उभी भेग पडली होती. पण ही भिंत घराच्या आतली होती. प्लंबरच्या मते पाइप गोठला तो तिथून बराच लांब, छपराखालच्या पोटमाळ्यात, वळचणीजवळ.

तिने मला दोन प्रश्न विचारले. एक, जिथे बर्फच नव्हता तिथे पाइप फुटला कसा? आणि दोन, विमा कंपनीचा माणूस विचारतोय, "तुम्ही काय काळजी घेतली होती?" याला काय उत्तर देऊ?

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे मला नंतर वाचत गेल्यावर कळलं. काळजी घेतली की नाही हे ठरवायचं, तर आधी पाइप नेमका कशाने फुटतो हे माहीत हवं. आणि ते नीट समजायला माणसाला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

फ्लॉरेन्सचा गोळा आणि क्वेबेकचे बॉम्ब

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बहुतेक पदार्थ घट्ट होताना आकसतात, पाणी उलटं वागतं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मोकळी जागा जास्त असते. बर्फ पाण्यावर तरंगतो तो याचमुळे. शाळेत आपण इथेच थांबतो.

हे फुगणं किती ताकदीचं असतं, याचे प्रयोग सतराव्या शतकात सुरू झाले. फ्लॉरेन्समध्ये १६५७ साली मेदिची घराण्याच्या आश्रयाने एक विज्ञानमंडळ स्थापन झालं, अकादेमिया देल चिमेंतो. नावाचा अर्थच 'प्रयोगाची अकादमी'. या मंडळींनी धातूचे पोकळ गोळे पाण्याने भरले, बंद केले आणि बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवले. गोळे फुटले. १६६७ साली त्यांनी आपले प्रयोग पुस्तकरूपात छापले आणि गोठणारं पाणी धातू फोडू शकतं हे युरोपभर पोहोचलं.

त्यानंतरचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. १७८४-८५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश तोफखान्यातला मेजर एडवर्ड विल्यम्स क्वेबेकला होता. तिथे थंडीची कमी नव्हती आणि तोफखान्यात लोखंडी बॉम्बगोळ्यांचीही नव्हती. त्याने पोकळ गोळे पाण्याने भरले, भोकात लोखंडी बुचं ठोकली आणि गोळे रात्रभर बाहेर ठेवले. काही गोळ्यांची बुचं सुटली आणि उडाली, त्यातलं एक तर चारशे फुटांपेक्षा लांब जाऊन पडलं. भोकातून बर्फाचा दांडा बाहेर आला. मात्र गोळा शाबूत राहिला. जिथे बूच इतकं पक्कं बसवलं की सुटूच नये, तिथे गोळा स्वतःच चिरला. हे निष्कर्ष १७९० साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीच्या शोधपत्रिकेत छापून आले.

बूच निघालं तर भांडं वाचलं, नाही निघालं तर भांडं फुटलं. माझ्या मैत्रिणीला हवं होतं ते उत्तर अर्धं इथेच आहे. पण पुढची दीडशे-दोनशे वर्षं लोकांनी या प्रयोगातून दुसराच धडा घेतला: बर्फ भिंतीला बाहेर ढकलतो, म्हणून बर्फ जिथे होईल तिथे पाइप फुटेल. तेव्हा पाइप गुंडाळा, गोणपाट लावा, पेंढा भरा.

गुंडाळणं चूक नाही. पण गोधडी ऊब तयार करत नाही, आहे ती ऊब हळूहळू जाऊ देते. अंगात ऊब असेल तर गोधडी कामाची. पाइपमधलं पाणी रात्रभर हललंच नाही आणि आजूबाजूची हवा खूप वेळ शून्याखाली राहिली, तर गुंडाळलेला पाइपही गोठतो, फक्त उशिरा.

गरम पाण्याचा पाइप आधी का फुटतो?

प्लंबर लोकांना मात्र एक विचित्र गोष्ट ठाऊक होती. घरात गरम पाण्याचा आणि गार पाण्याचा पाइप शेजारी-शेजारी असले, तर थंडीत गरम पाण्याचा पाइप जास्त वेळा फुटतो. ऐकायला थापच वाटते. पण १९१६ साली एफ. सी. ब्राउन या भौतिकशास्त्रज्ञाने याच विषयावर 'फिजिकल रिव्ह्यू'सारख्या नामांकित शोधपत्रिकेत टिपण छापलं.

याचं कारण समजायला पाण्याची एक खोड माहीत हवी. पाणी शून्य अंशाला गोठतं असं आपण म्हणतो, पण शांत ठेवलेलं पाणी शून्याखाली काही अंश जाऊनही द्रवच राहू शकतं. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला त्याला निमित्त लागतं. याला आम्ही सुपरकूलिंग म्हणतो आणि माझा प्रबंध याच्याच अवतीभवती फिरतो. असं अतिथंड पाणी एकदा गोठायला लागलं की शिस्तीत, भिंतीपासून आत थर चढवत गोठत नाही. झाडाच्या फांद्यांसारखे बर्फाचे पातळ पापुद्रे क्षणात पाइपभर पसरतात. बर्फ थोडाच असतो, पण पाइप अडतो.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या आर. आर. गिल्पिन यांनी १९७० च्या दशकात पाइपांत हे प्रत्यक्ष दाखवलं. तापवून गार झालेलं पाणी सुपरकूल होण्याकडे जास्त झुकतं, त्यामुळे गरम पाण्याच्या पाइपात असा फांद्यांचा अडसर व्हायची शक्यता जास्त. गार पाण्याच्या पाइपात बर्फ कडेने थराथराने चढतो आणि मधून पाण्याला बराच वेळ वाट राहते.

म्हणजे पाइपात बर्फ किती झाला यापेक्षा महत्त्वाचं हे की त्याने वाट बंद केली का.

विमा कंपन्यांनी विचारलेला प्रश्न

आता विम्याकडे येऊ. अमेरिकेत पूर्वी घराचा विमा म्हणजे मुख्यतः आगीचा विमा. वादळ, चोरी वगैरेंसाठी वेगवेगळी कागदपत्रं घ्यावी लागत. १९५० साली इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकाने हे सगळं एकत्र बांधून 'होमओनर्स' पॉलिसी आणली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. अशा पॉलिसींमध्ये गोठून पाइप फुटण्याचं नुकसानही येतं, पण एका अटीवर. सोप्या भाषेत ती अट अशी: तुम्ही घर उबदार ठेवायची वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असले पाहिजेत.

'वाजवी काळजी' हे शब्द कागदावर सोपे वाटतात. पण काळजी नेमकी कशी घ्यायची, हे विमा कंपन्यांनाही नीट माहीत नव्हतं.

१९८३ आणि १९८९ च्या डिसेंबरात थंडीच्या लाटा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत उतरल्या आणि जिथे हिवाळा म्हणजे स्वेटरपुरता, तिथेच घरोघरी पाइप फुटले. उत्तरेकडे, मिनेसोटासारख्या राज्यात, घराचा पाया साडेतीन ते पाच फूट खोल न्यावा लागतो, कारण तिथवर जमीन गोठते. एवढं खोदायचंच, तर लोक तळघरही बांधतात आणि पाइप त्या उबदार तळघरातून जातात. टेक्ससमध्ये जमीन गोठत नाही, म्हणून घर सरळ काँक्रीटच्या लादीवर. तळघर नाही, मग पाइप न्यायचे कुठून? बऱ्याच घरांत पोटमाळ्यातून. शिवाय उन्हाळ्यात एसीचा गारवा टिकावा म्हणून सीलिंगवर जाड इन्सुलेशन पसरलेलं असतं. पाइप त्याच्या वर असेल, तर तेच इन्सुलेशन घराची ऊब पाइपापर्यंत पोहोचू देत नाही. उकाड्यासाठी केलेली सोय थंडीत उलटते.

१९९० च्या दशकात विमा उद्योगाच्या एका संशोधन संस्थेने इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलला यावर काम करायला सांगितलं. जेफ्री गॉर्डन यांनी खऱ्या पोटमाळ्यासारख्या जागेत पाइप बसवले, त्यांवर तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं लावली आणि थंडीची वाट पाहिली. १९९६ साली त्यांचा अहवाल आला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक घरमालकाला माहीत हव्यात.

पहिली गोष्ट तापमानाची. उघड्या पोटमाळ्यातला, न गुंडाळलेला पाइप गोठायला लागतो तो बाहेरचं तापमान साधारण उणे ७ अंश सेल्सियसला पोहोचल्यावर. हा आकडा दक्षिणेकडच्या राज्यांसाठी इशाऱ्याची पातळी म्हणून वापरला जाऊ लागला. फटीतून वारा थेट पाइपवर येत असेल, तर त्याआधीही गोठू शकतो.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाची. पाइपात बर्फाचा अडसर तयार झाला की दोन भाग पडतात. अडसराच्या एका बाजूला रस्त्यावरून येणारी मोठी लाइन असते. बर्फ त्या बाजूला वाढला तर पाणी मागे, लाइनकडे सरकू शकतं. दुसऱ्या बाजूला असतो बंद नळ. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडलं जातं. बर्फ वाढत जातो आणि सिरिंजच्या दट्ट्यासारखा त्या पाण्याला दाबत जातो. पाणी तर जवळजवळ दबतच नाही. घरच्या नळाला एरवी दाब असतो साधारण वातावरणाच्या तीन ते पाच पट. उणे ४ अंशांना वाढणारा बर्फ मात्र सिद्धांताप्रमाणे सुमारे ५०० पट दाब तयार करू शकतो. तांब्याचा पाइप असो वा प्लास्टिकचा, त्या कोंडलेल्या भागात जिथे कच्चा असेल तिथे फाटतो. ती जागा बर्फापासून लांब, एखाद्या उबदार भिंतीतही असू शकते.

म्हणजे फोडतं ते बर्फाने कोंडलेलं पाणी. विल्यम्सचा बॉम्बगोळा आठवा. नळ म्हणजे ते बूच. नळ किंचित उघडा असेल तर पोटमाळ्यात पाइप गोठला तरी कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते, दाब चढत नाही आणि पाइप बहुधा वाचतो. ठिबकता नळ दोन कामं करतो: जमिनीतलं थोडं कोमट पाणी पाइपातून खेळतं ठेवतो आणि तरीही गोठलंच तर दाबाला वाट देतो. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं.

माझ्या मैत्रिणीने नळ उघडा ठेवला होता, पण तो वेगळ्या फाट्यावरचा. पोटमाळ्यातून येणाऱ्या फाट्याचे नळ घट्ट बंद होते. मी "हो, ठेव" म्हणालो, "कोणता" ते सांगितलं नाही.

पण घर उबदार ठेवायचं कसं?

विम्याच्या अटीकडे परत येऊ: घर उबदार ठेवायची काळजी. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्ससच्या विद्युत जाळ्याने लोकांची वीज तोडायला सुरुवात केली, कारण वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडत होती. जाळं पूर्ण कोसळायला पाचच मिनिटं उरली होती असं नंतर उघड झालं. ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर तापमान उणे १९ अंशांपर्यंत घसरलं. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. त्यातली काही ऊब मिळवण्यासाठी बंद जागेत गाडी किंवा जनरेटर चालवून, कार्बन मोनॉक्साइडने.

वीजकेंद्रं का बंद पडली? चौकशीत सर्वांत मोठं कारण निघालं गोठणं. साउथ टेक्सस अणुवीज प्रकल्पाची एक अणुभट्टी बंद पडली ती पाण्याचा दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्यामुळे. माझ्या मैत्रिणीच्या पोटमाळ्यात जे झालं, तेच आकार बदलून वीजकेंद्रात झालं. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्येही टेक्ससमध्ये अशीच वीज गेली होती, त्याच वर्षी अहवाल आला होता, उपकरणं थंडीसाठी तयार करा अशा शिफारशीही झाल्या होत्या. त्या पाळणं बंधनकारक मात्र झालं नाही.

वर आणखी एक पेच. घराघरांत नळ चालू राहिले आणि पाइपही फुटत गेले, तसा शहरांच्या पाणीपुरवठ्याचा दाब घसरला. मग काही ठिकाणी लोकांना सांगण्यात आलं, कृपया नळ चालू ठेवू नका. एका घरासाठी बरोबर असलेला उपाय लाख घरांनी केला की शहराला जड जातो.

म्हणून 'काळजी घेतली का?' हा प्रश्न फक्त घरमालकाला विचारणं मला अपुरं वाटतं. घर उबदार ठेवायचं तर वीज हवी, वीज हवी तर वीजकेंद्राने आधी आपल्या नळ्या सांभाळायला हव्यात. मैत्रिणीला मी सांगितलं, "वीज कधी गेली त्याची नोंद दाखव, थर्मोस्टॅट किती अंशांवर होता ते सांग, नळ चालू ठेवला होता तेही सांग. एवढं तुझ्या हातात होतं, ते तू केलंस." तिचा क्लेम मंजूर झाला. सीलिंग दुरुस्त व्हायला मात्र उन्हाळा उजाडला.

थंडी सरते तेव्हा

भेग पडते गोठताना, पण पाणी वाहू लागतं बर्फ वितळल्यावर. तोवर बर्फच बुचाचं काम करतो. २०१० च्या डिसेंबरात उत्तर आयर्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणात दिसलं. २३ तारखेला कॅसलडर्ग गावात उणे १८.७ अंशांची नोंद झाली. नाताळनंतर हवा एकदम उबदार झाली आणि जमिनीतल्या व घरांतल्या फुटक्या पाइपांतून पाणी वाहायला लागलं. सुट्टीमुळे दुकानं, ऑफिसं बंद, गळती बघायला कोणी नाही. जलाशय आटत गेले आणि सुमारे ४०,००० घरांचं पाणी तुटलं. पाणीपुरवठा कंपनीच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला.

तेव्हा तुम्ही किंवा तुमचं कोणी थंड प्रदेशात राहत असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

• पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच शोधा आणि तो फिरतो का ते बघा. पाइप फुटल्यावर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

• नळ ठिबकत ठेवायचा तो बाहेरच्या भिंतीतल्या किंवा पोटमाळ्यातल्या पाइपाच्या टोकाचा. गरम आणि गार, दोन्ही. शहराने नळ बंद ठेवायला सांगितलं, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. कोंडलेलं पाणी नाही, तर दाबही नाही.

• डिसेंबरात सुट्टीसाठी भारतात येताना पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद करू नका. साधारण १३ अंशांवर तरी ठेवा, आणि घर तुमचं असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून या. घर किती दिवस रिकामं राहिलं तर विमा लागू राहतो हे पॉलिसीत वाचा. भाडेकरू असाल तर घरमालकाचा विमा तुमच्या सामानासाठी नसतो, हे विसरू नका.

• पाइप गोठलाच, तर आधी त्याचा नळ उघडा आणि हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून गरम करत जा. ज्योत कधीच नको. पाइप वितळवायच्या नादात घरं जळाली आहेत.

• थंडी सरल्याच्या दिवशी घरीच थांबा आणि भिंती, सीलिंग बघत राहा.

मैत्रीण आता थंडीचा इशारा आला की वरच्या बाथरूमचे दोन्ही नळ ठिबकत ठेवते. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर तिच्या आईने तो आवाज ऐकला आणि साताऱ्याहून ओरडली, "अगं, तो नळ बंद कर आधी!" मग तिने आईला बर्फाच्या दट्ट्यापासून सगळं समजावून सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग खाली बादली तरी ठेव."